डाव्या कोपऱ्यातला ओरखडा

१

ज्या गाडीने मामांना चिरडलं, तिला दोन किल्ल्या होत्या. एक माझ्या बाबांच्या स्टीलच्या डबीत, दुसरी डॉक्टरांच्या ड्रॉवरमध्ये. दोन्ही जागच्या हलल्या नव्हत्या. तरीही भर दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ती गाडी सुरू झाली, हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाकडे गेली आणि फाटक अडवून उभ्या असलेल्या वॉचमनच्या अंगावरून पुढे निघून गेली. दहा मिनिटांच्या अंतरावर, बाजारामागच्या गल्लीत ती रिकामी सापडली.

वॉचमनला सगळे मामा म्हणायचे. माझे बाबा डॉक्टरांचे ड्रायव्हर. अकरा वर्षं दोघं एका कपातला चहा दोन बशांत ओतून प्यायले. पण त्या आठवड्यात गाडी कुठे लावायची यावरून त्यांची जुंपली होती, आणि ते कंपाउंडरने ऐकलं होतं. त्याने साक्षीत ते मीठमसाला लावून सांगितलं. गाडीच्या कंपनीने लिहून दिलं की गाडी खऱ्या किल्लीनेच सुरू झाली, मात्र दोहोंपैकी कोणत्या ते या मॉडेलमध्ये कळत नाही. ड्रॉवरमधली किल्ली इन्स्पेक्टरने त्याच संध्याकाळी डोळ्यांनी पाहिली, तिच्यावर धूळ होती. मग उरलं कोण? माझे बाबा.

ते आठ महिने जामिनावर घरी होते आणि भिंतीकडे बघत बसायचे. मामांची बायको, आमची मामी, एकदा आली आणि उंबऱ्यावर थुंकून गेली. बाबा उठले, फडकं घेतलं आणि स्वतः पुसून काढलं. निकाल सोमवारी होता. वकीलबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं की बाबा आत जाणार.

लोक मला म्हणायचे, देव बघून घेईल. मी म्हणायचे, देवाला कशाला त्रास, मीच बघते. मला न्याय वगैरे मोठे शब्द कळत नाहीत. मला तो माणूस हवा होता, आणि तो रडताना हवा होता.

२

मी किल्ल्या बनवते. चौकात माझं आठ फुटी दुकान आहे. कुलपाच्या किल्ल्यांवर सुरुवात केली, आता गाड्यांच्या रिमोट किल्ल्यांवर पोट भरते. गिऱ्हाइकाचा चेहरा माझ्या लक्षात राहत नाही, किल्ली मात्र वर्षांनीही ओळखते. वर मी डावरी. माझं हत्यार धरणं बघून शेजारचे दुकानदार अजून हसतात.

शुक्रवारी सकाळी वकीलबाई आमच्या घरी आल्या त्या आशेचा धागा घेऊनच.

"या गाड्यांची किल्ली खिशातून काढावी लागत नाही ना?" त्या म्हणाल्या.

"नाही. किल्ली जवळ आली की गाडीला कळतं. हँडलला हात लावला की दार उघडतं, बटण दाबलं की इंजिन सुरू."

"मग हे बघ. चोर दोन यंत्रं घेऊन येतात. एक किल्लीपाशी धरतात, एक गाडीपाशी, आणि किल्लीचा सिग्नल लांबवर पोचवतात. गाडीला वाटतं, किल्ली इथेच आहे. आपण म्हणू, असंच झालं."

मला हो म्हणायचं होतं. देवाशपथ, फार म्हणायचं होतं.

"नाही होत," मी म्हटलं. "ड्रॉवरमधली किल्ली घ्या. ही किल्ली काही मिनिटं हलली नाही की झोपते. झोपलेली किल्ली सिग्नल देतच नाही, तर चोर लांबवणार काय?"

"मग बाबांची."

"बाबांची स्टीलच्या डबीत होती. झाकण घट्ट. त्यातून सिग्नल बाहेर पडत नाही. ती डबी मीच त्यांना दिली होती, गाडी चोरीला जाऊ नये म्हणून. आणि ती दिवसभर बंद होती, हे ते जबाबात सांगून बसलेत."

वकीलबाईंनी फाइल मिटली. "तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस गं?"

माझ्याच डबीने बाबांना बांधून ठेवलं होतं. वकीलबाई चपला घालत होत्या, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. चार दिवसांत बाबा पहिल्यांदा बोलत होते.

"स्टिअरिंगचं सांगितलंस का त्यांना?"

३

स्टिअरिंगचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण मला ते लाजिरवाणं वाटायचं. मामा जाण्याआधी पाच-सहा महिने बाबा सारखी एकच कुरकुर करायचे. "दुपारी गाडीत बसलो की स्टिअरिंग वर चढलेलं असतं. सकाळी खाली असतं, दुपारी वर." मी म्हणायचे, "बाबा, तुम्हीच वर करता आणि विसरता. वय झालं तुमचं." एकदा तर हसून म्हटलं होतं की गाडीला भूत लागलंय. तेव्हापासून ते त्याबद्दल बोलायचे बंद झाले.

"सीट?" मी आता विचारलं. "सीट मागे गेलेली असायची का?"

"छे. सीट, आरसे, सगळं माझ्या मापाचं. फक्त स्टिअरिंग."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"काय झालं?" वकीलबाई दारातून परतल्या.

"या गाडीत सीट आणि आरसे किल्लीच्या आठवणीत असतात," मी म्हटलं. "ज्याची किल्ली, त्याचं माप. बाबा आपली किल्ली घेऊन आले की सीट आपोआप त्यांच्या मापाला येते, मग मधे कोणी कितीही मागे ढकललेली असो. पण स्टिअरिंगची उंची हाताच्या खटक्याने बदलते. ती कोणाच्या आठवणीत नसते. ती जशी ठेवली तशी राहते."

"म्हणजे?"

"म्हणजे बाबांच्या नकळत दुपारी कोणीतरी गाडी चालवत होतं. बाबांची किल्ली वापरून सीट मागे ढकलली असती तर ते नवं माप त्याच किल्लीत बसलं असतं, बाबांचं बिघडलं असतं. बिघडलं नाही. म्हणजे तो दुसरी किल्ली वापरत होता. आणि तो बाबांपेक्षा उंच आहे."

"दुसरी किल्ली ड्रॉवरमधून हललीच नाही, हे डॉक्टरांनी शपथेवर सांगितलंय."

"हो ना," मी म्हटलं. "तीच मला बघायची आहे."

४

डॉक्टर माझ्या खांद्याला लागतील एवढे, आणि राग त्यांच्या नाकावर. त्यांनी कधी गाडी चालवलीच नाही. मी केबिनमध्ये शिरले तर म्हणाले, "तुझ्या बापाची बाजू मांडायला आली असशील तर दार तिकडे आहे."

"किल्ली बघायला आलेय. दोन मिनिटं. मग स्वतःच जाते."

त्यांनी मला आधी बाहेर थांबायला लावलं. तिथे बाकावर त्यांची मुलगी बसली होती. तिला सगळे ताई म्हणतात. ती हिशेबाच्या खोलीत असते, गाडीत बसली की तिला मळमळतं, चालवणं दूरच. तिने मला पाहून मान खाली घातली. तिचा नवरा हॉस्पिटलचा कारभार बघतो. त्याला सगळे जावईबापू म्हणतात, तोंडावर आदराने आणि मागे तोंड वाकडं करून. ताडमाड उंच, बोलायला लोण्यासारखा. तो दारात येऊन मला म्हणाला, "बाबांची तब्येत कशी आहे? फार वाईट वाटतं हो. पण कायदा आहे, आपण काय करणार."

"त्या दुपारी तुम्ही कुठे होता?"

"वर माझ्या ऑफिसात, फोनवर. पोलिसांना सांगितलंय." तो हसला. "तुम्हीच आता पोलीस का?"

औषधांच्या खोलीतून कंपाउंडर डोकावला. तोही तेवढाच उंच, आणि माणूस कुरबुऱ्या. तो म्हणाला, "मी इथेच होतो. एकटा. पुढे?" मामांशी त्याचं कधी पटलं नाही, कारण रात्री जाताना मामा त्याची पिशवी उघडायला लावायचे.

दोन उंच माणसं, दोघांनाही गाडी येते, दोघांकडेही साक्षीदार नाही. मी केबिनमध्ये परत गेले.

डॉक्टरांनी ड्रॉवर उघडला. "ही माझ्या बायकोची किल्ली," ते म्हणाले. आवाज एकदम खाली गेला. "ती चालवायची गाडी. ती गेल्यापासून ही इथे आहे. रोज दिसते मला. आधी ड्रॉवर उघडाच असायचा. पोलीस पाहून गेले त्या संध्याकाळपासून मी कुलूप लावतो, आणि त्याची चावी माझ्या गळ्यात असते."

किल्ली घासून गुळगुळीत झाली होती. बाईंच्या अंगठ्याने एका बटणावरचं चित्र पुसून गेलं होतं. मी ती उजेडात धरली.

खालच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक ओरखडा होता.

५

या किल्लीचं कव्हर उघडायला पातळ पत्ती घालून उचकटावं लागतं. सगळे कारागीर उजव्या कोपऱ्यातून उचकटतात. डावीकडून उघडणारी या गावात एकच आहे, आणि ती मी.

"डॉक्टरसाहेब, ही किल्ली तुम्ही दुरुस्तीला दिली होती?"

"कधीच नाही."

"मग ही माझ्या टेबलावर कशी आली?"

मी पत्ती काढली. ते नको म्हणायच्या आत कव्हर उघडलं. आत ना सर्किट, ना सेल. आत हॉस्पिटलात हाड मोडल्यावर घालतात त्या प्लास्टरचा वाळलेला गोळा होता, वजन सारखं यावं म्हणून नीट घोटून बसवलेला.

डॉक्टर खुर्चीत बसले ते बसलेच. आठ महिने ते बायकोची किल्ली म्हणून प्लास्टरचा गोळा गळ्यातल्या चावीने सांभाळत होते.

मला तेव्हा सगळं आठवलं. साधारण दीड वर्षापूर्वी, दुपारी, तोंडाला मास्क लावलेलं एक गिऱ्हाईक आलं होतं. "बटणं झिजलीत, नवीन कव्हर घालून द्या." मी सर्किट काढून नव्या कव्हरमध्ये बसवलं. जुनं कव्हर टोपलीत टाकणार, तर तो म्हणाला, "ते मला द्या. आईची आठवण आहे." जुनं कव्हर कोणी मागत नाही. मला त्याचं कौतुक वाटलं होतं. मूर्ख कुठली!

"त्याने जीव असलेली किल्ली खिशात ठेवली आणि कातडं ड्रॉवरमध्ये," मी म्हटलं. "तुम्हाला रोज दिसावं म्हणून."

"चेहरा?"

"आठवत नाही. चेहरे मला आठवत नाहीत."

डॉक्टरांनी कव्हरचे दोन्ही तुकडे जुळवून प्लास्टर झाकलं. मग म्हणाले, "हे तू अजून कोणाला सांगितलंस?"

आपण एकट्या आहोत आणि समोर मुलीचं घर वाचवू पाहणारा माणूस आहे, हे मला उशिरा सुचलं.

"मामांचं डोकं तुम्हीच शिवलं होतं ना?" मी म्हटलं. "की तेही विसरायचंय?"

त्यांनी चष्मा काढला. "सव्वा तास शिवत होतो," ते म्हणाले. "बोल. काय करू?"

६

मी जे सुचवलं ते असं. ज्याच्याकडे खरं सर्किट आहे, त्याने ते फेकलेलं नाही. ड्रॉवरला कुलूप लागलं म्हणून ते परत घालता आलं नाही, आणि फेकलं तर पोकळ किल्ली कायमची त्याच्या मानेवर. तो संधीची वाट बघतोय. आपण संधी देऊ, पण एकालाच.

कंपाउंडरला डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं, "ती दुसरी किल्ली मी वकिलांना देऊन टाकली. चार वाजता पोलीस ती गाडीवर लावून बघणार आहेत." जावईबापूंना सांगितलं, "दुसरी किल्ली ड्रॉवरमध्येच आहे. चार वाजता पोलीस येऊन गाडीवर लावून बघणार आहेत. मी जेवायला जातो, केबिनकडे लक्ष असू द्या." आणि त्यांनी ड्रॉवर उघडा ठेवला, पूर्वी ठेवायचे तसा. आत ते पोकळ कव्हर, प्लास्टरसकट.

गुन्हेगार कंपाउंडर असता तर त्याने ड्रॉवरला हातही लावला नसता. त्याच्या लेखी तिथे काही नव्हतंच.

मी मधल्या वेळात मामीकडे गेले. तिने दार अर्धंच उघडलं.

"चार वाजता हॉस्पिटलात ये," मी म्हटलं. "आल्यावर थुंकायचं कोणावर ते ठरव."

७

चार वाजता केबिनमध्ये डॉक्टर, ताई, जावईबापू, कंपाउंडर, इन्स्पेक्टर, वकीलबाई आणि दाराला टेकून मामी. मी कोपऱ्यात उभी होते. मी मुळीच घाई केली नाही. आठ महिने बाबांनी भिंत पाहिली होती, मी याला पाच मिनिटं ड्रॉवर पाहायला लावला.

"किल्ली उघडून दाखवा कोणीतरी," मी म्हटलं. "मी आरोपीची मुलगी. मी हात लावला तर म्हणाल, हिनेच काहीतरी केलं."

"द्या इकडे," जावईबापू म्हणाले. किती आत्मविश्वास! कव्हर त्यांनी एका झटक्यात उघडलं, अगदी सवयीच्या हाताने. "हे घ्या. सर्किट आहे, सेल आहे. किल्ली धडधाकट आहे. इतकी वर्षं ड्रॉवरमध्ये आहे, जागची हललेली नाही. झालं समाधान?"

"सकाळी यात प्लास्टर होतं," डॉक्टर म्हणाले.

मग ते इन्स्पेक्टरकडे वळले.

"मी स्वतः पाहिलं. माझ्या बायकोच्या किल्लीत प्लास्टर."

जावईबापूंचा चेहरा पडला, पण माणूस पक्का. "मग कोणीतरी बदललं असेल. ड्रॉवर उघडा होता. कंपाउंडरही इथेच होता."

"मी?" कंपाउंडर उसळला. "मला तर साहेब म्हणाले, किल्ली वकिलांकडे गेली! मी रिकाम्या ड्रॉवरमध्ये कशाला हात घालू?"

"माझ्याकडे कसलीही किल्ली आलेली नाही," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या.

जावईबापूंनी सासऱ्यांकडे पाहिलं. ड्रॉवरमध्ये किल्ली आहे हे आपल्या एकट्यालाच सांगितलं होतं, हे त्यांच्या ध्यानात येताना मी डोळे भरून पाहिलं. इतकं गोड मला कित्येक दिवसांत काही लागलं नव्हतं.

"सर्किट उलटं करा," मी म्हटलं.

ते हलले नाहीत. इन्स्पेक्टरने उलटं केलं. मागे शेंदरी नेलपॉलिशचा एक ठिपका होता.

"माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक सर्किटला मी तो ठिपका देते. नंतर गिऱ्हाइकाने म्हणू नये, बाईने आतलं बदललं. जी किल्ली या ड्रॉवरमधून कधी हलली नाही, तिला माझ्या दुकानातलं नेलपॉलिश कुठून लागलं? आणि जुन्या कव्हरच्या डाव्या कोपऱ्याला माझ्या हाताचा ओरखडा आहे. या गावात पंधरा किल्लीवाले आहेत, जावईबापू. तुम्ही नेमके ड्रायव्हरच्या मुलीकडे आलात. ड्रायव्हरला मुलगी आहे आणि ती काय करते, हे अकरा वर्षांत तुम्ही एकदाही विचारलं नसेल ना?"

"मी गाडी घेतली होती, कबूल," ते एकदम म्हणाले. "औषधांची खोकी बाहेर पोचवायला. दुपारी सगळे कामात असतात. पण त्याने फाटक अडवलं! म्हणाला, साहेबांना सांगितल्याशिवाय उघडणार नाही. मला वाटलं, गाडी अंगावर आली की बाजूला होईल. घाबरून होईल बाजूला. त्याला कळायला नको?"

"ते कधी बाजूला झाले नाहीत," मामी दारातून म्हणाली. "त्यांना जमायचंच नाही ते."

ताई उठली. ती नवऱ्याकडे गेली नाही, मामीकडे गेली, आणि तिच्यासमोर हात जोडून उभी राहिली. मामीने तिला नुसतं बाजूला केलं. मग ती जावईबापूंसमोर गेली. मला वाटलं, आता थुंकेल. तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, इतका वेळ की शेवटी तो ताडमाड माणूस खुर्चीत खाली खाली जात रडू लागला. मला तो तसाच हवा होता. मी पोटभर पाहिलं आणि मला मुळीच लाज वाटली नाही.

८

संध्याकाळी मामी माझ्याबरोबर घरी आली. उंबऱ्यापाशी थांबली, वाकली आणि पदराने उंबरा पुसला. मग आत येऊन बाबांच्या समोर बसली. मी चहा केला आणि एक कप, दोन बशा मधे ठेवल्या. मामीने कप उचलला आणि दोन्ही बशांत ओतला, जसा मामा ओतायचे.

मग मी बाबांना सगळं सांगितलं. ओरखडा, प्लास्टर, ठिपका, तो कसा रडला ते. वाटलं, या एका गोष्टीसाठी तरी त्यांच्या डोळ्यांत जान येईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सोमवारचं विचारलं नाही. जावयाला किती वर्षं होतील तेही विचारलं नाही. त्यांनी खिशातून ती स्टीलची डबी काढली. आत किल्ली नव्हती, ती पोलिसांकडे होती, तरी आठ महिने ते डबी जवळ बाळगत होते. त्यांनी ती माझ्या हातात ठेवली आणि भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"मी म्हणालो होतो तुला," ते म्हणाले. "स्टिअरिंग वर चढलेलं असतं."

"हो, बाबा."

"तू ऐकलं असतंस, तर मामा असता आज."

माझ्या सूडाच्या यादीत एक नाव राहून गेलं होतं, ते मला तेव्हा कळलं. मी डबीचं झाकण लावलं.